कमरीपेठेची वाट

कानडी मुलखातल्या आमच्या गावी लॅमिंग्टन रोडवरचे ते घड्याळदुरुस्तीवाले बोलता बोलता मध्येच थांबायचे. स्क्रू बसला की वाक्य पुढं सुरू. सेलची घड्याळं आली तरी त्यांच्याकडं चावीचीच यायची. मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायचो आणि संध्याकाळी सायकल बाहेर लावून त्यांच्या बाकड्यावर बसून तेच बोलायचो. डोळ्यावरचं भिंग न काढता ते म्हणायचे, "तुमचं बरोबर आहे की, सर..." आणि मग बराच वेळ नुसता स्क्रू.

एकदा अळणावरच्या बसनं आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी कमरीपेठेची वाट विचारली. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "चौकातनं डावीकडं, अक्का." बाई डोक्यावरचं गाठोडं सावरत गेल्या. मला ते ऐकतानाच खटकलं होतं. पण बाई दिसेनाशा झाल्यावर मी म्हणालो, "अण्णा, उजवीकडं की हो!"

"अय्यय्यो, तप्पायतु! चूक झाली!" म्हणत, उघडं घड्याळ तसंच टाकून ते बाहेर पळाले. स्क्रू कुठंतरी घरंगळला.

मी बसून राहिलो. मनात वाईट नसताना झालेल्या चुकीचा दोष कुणाकडं जातो? उद्याच्या तासाला हा प्रश्न छान होता. मी तो कागदावर टिपून घेतला.

अर्ध्या तासानं ते घामाघूम होऊन आले. "दारापर्यंत सोडलं," म्हणाले आणि वाकून स्क्रू शोधू लागले. तो सापडल्यावर माझ्याकडं बघून, या वेळी मध्ये कुठंही न थांबता, म्हणाले,

"सर, बाहेरची तुमची सायकल न विचारता नेली. चुकलं माझं."