पाण्यावरून येणारी उत्तरं

लिलाधर वलथरे दिघोरीचा. बाप, आजा, थोरला भाऊ, सगळे मासेमारीतले. घरात पाण्याला भिणारा तो एकटाच. त्यामुळे त्याने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आणि गेली अकरा वर्षं तो साकोलीत हायवेवरच्या एका गाळ्याच्या वर, मासेमारी सोसायट्यांच्या संघाच्या ऑफिसात बसतो. खोलीला खिडकी नाही. कोपऱ्यात एक मशीन, त्यावर संघाचा मेल सर्व्हर. बावीस सोसायट्यांचे ईमेल या मशीनमधून येतात-जातात. ते मशीन त्याने स्वतः उभं केलं आणि तोच ते सांभाळतो. चष्मा लागला, केस पिकू लागले, लग्न राहून गेलं. विचारलं तर म्हणतो, "मशीन सोडून जाता येत नाही."

सर्व्हर लावला तेव्हा सगळ्यांची एकच तक्रार होती. नदीवर गेलेल्या माणसाला मेल पाठवला तर दिवसभर उत्तर येत नाही. लिलाधरने एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाण्यावर जाताना फोनवर एक खूण करायची, की आलेल्या प्रत्येक मेलला आपोआप उत्तर जाई: 'मी पाण्यावर आहे. आल्यावर कळवतो.'

प्रत्येक मेलला, असं त्याने मुद्दाम ठरवलं होतं. त्याच्या लोकांची रीतच तशी. धुक्यात एका डोंग्यातून हाक आली की दुसऱ्यातून ओ द्यायचीच. कोण हाक मारतंय, कितव्यांदा मारतंय, हे पाहायचं नाही. हाक रिकामी राहिली तर मारणारा वाट चुकतो, असं म्हातारे सांगत. शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं की असल्या उत्तराला मर्यादा घालावी. लिलाधरने घातली नाही.

दोन वर्षांपूर्वी चुलबंद नदीच्या पुरात त्याचा भाऊ मोतीलाल आणि गावातलाच परसराम हे दोघं आपापले डोंगे घेऊन अडकलेली जाळी सोडवायला गेले. डोंगे मिळाले. माणसं मिळाली नाहीत. मोतीलालची बायको सखाबाई हिने घरात कुणाला रडू दिलं नाही. प्रेत दिसेपर्यंत माणूस गेला म्हणायचं नाही, दहावं करायचं नाही. लिलाधरकडूनही तिने शब्द घेतला होता: मोतीलालचं काहीही बंद करायचं नाही. तेव्हापासून मोतीलाल आणि परसराम सर्व्हरवर पाण्यावरच होते.

यंदा पौषात एका मंगळवारी सर्व्हर बसला.

त्याआधी आठवडाभर तो जड चालत होता. सकाळचा मेल दुपारी पोचे, दुपारचा दुसऱ्या दिवशी. लिलाधरला वाटलं मेमरी कमी पडते. दुसरी पट्टी घातली, फरक पडला नाही. बाहेरून कुणी कचरा मेल ओतत असेल म्हणून वाटा बंद केल्या, तरी फरक पडला नाही. मशीन बंद करून सुरू केलं. पाच मिनिटं शांत राहिलं आणि मग पंखा पुन्हा तसाच घोंघावू लागला, जणू काही घडलंच नव्हतं. मंगळवारी मशीन म्हणालं, जागा संपली. त्याने पाहिलं तर डिस्क अर्धी रिकामी होती. संपली होती ती फाइली ठेवायच्या नोंदींची जागा. कुणीतरी इतक्या बारीक बारीक फाइली केल्या होत्या की आणखी एक ठेवायला नोंद शिल्लक नव्हती. त्याने जुन्या फाइली काढून थोडी जागा केली. बघता बघता ती भरली.

संघाचे सचिव धनराज दर दहा मिनिटांनी आत डोकावत होते. तलावांच्या ठेक्याचा अर्ज त्यांनी सकाळी अकराला पाठवला होता, तो अजून मशीनमध्येच अडकलेला. असा अर्ज नोंदणी असलेल्या ईमेल पत्त्यावरूनच चालतो, आणि संध्याकाळी पाचला मुदत संपणार.

"काय बे लिलाधर, तुझं मशीन बाळंत होऊन राहिलं का?"

"पाहून राहिलो न, भाऊ."

"सकाळपासून पाहूनच राहिला तू. तलाव गेला त बावीस गावं माह्या दारात बसतीन. तवा मी तुह्याकडे बोट दाखवीन, सांगून ठेवतो."

ते गेल्यावर लिलाधरने मेलची नोंदवही उघडली. पडद्यावर ओळी वर सरकू लागल्या. मोतीलालकडून परसरामला. परसरामकडून मोतीलालला. मोतीलालकडून परसरामला. सेकंदाला एक. मध्ये तिसरं नाव येत नव्हतं. आठ दिवस, साडेसहा लाखांवर पत्रं. त्याने एक उघडलं.

'मी पाण्यावर आहे. आल्यावर कळवतो.'

त्याखालचं उघडलं. तेच.

दोघांच्या पेट्या इतक्या फुगल्या होत्या की नवं पत्र ठेवताना मशीनला दर वेळी त्या ढिगातून जावं लागत होतं, आणि बाकी सगळे मागे खोळंबले होते. कारण कळलं, तरी एक गोष्ट उलगडेना. प्रोग्राम त्याचाच होता. पण प्रोग्राम आपणहून हाक मारत नाही, फक्त ओ देतो. मग पहिली हाक कुणी मारली?

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सखाबाई दारात उभी होती. दिघोरीहून बसने आलेली, डोक्यावर पदर. पदरात गुंडाळलेला मोतीलालचा फोन टिंग टिंग वाजत होता. पुराच्या दिवशी तो घरीच राहिला होता.

"भाऊजी, आठ दिवस झाले, हा थांबून नाही राहिला. उशाखाली ठेवला तरी वाजते, पेटीत ठेवला तरी वाजते."

"वहिनी, तुमी यातून कोणाले काही लिवलं का?"

ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"मी माह्या फोनवरून त्याइले लिवत जाओ. ते मले सांगत, पाण्यावर हावो, येतो. दोन वर्षं तेवढंच सांगते तुमचा भाऊ. मंग वाटलं, परसरामले विचारावं. त्याइच्याच फोनवरून विचारलं. माह्या मानसासंग हायस का, म्हणून. पाच-सहा डाव विचारलं."

लिलाधरने पडदा तिच्याकडे वळवला. तिला अक्षरओळख होती. ती ओळींवर बोट ठेवून वाचू लागली. ओळी तिच्या बोटाखालून निसटत वर जात होत्या.

"हे दोघंच बोलून राहिले?"

"हो. रात्रंदिवस."

"काय म्हणते?"

"एकच. पाण्यावर हावो, आल्यावर कळवतो."

लिलाधरला वाटलं, तिला बरं वाटेल. दोघं सोबत आहेत असं ती म्हणेल. सखाबाईने पडद्यावरून बोट काढून घेतलं.

"म्हणजे भेटले नाही ते," ती हळू आवाजात म्हणाली. "भेटले असते त हाक कायले मारली असती, भाऊजी? जवळच्या मानसाले कोनी हाक मारते का?"

पंखा घोंघावत होता. फोन वाजत होता. लिलाधरला ते दोन डोंगे दिसले. दाट धुकं, वल्ह्याचा आवाज नाही. एकाची हाक, दुसऱ्याची ओ, आणि दोघांतलं अंतर तेवढंच. हे आपण लिहिलं, असं त्याच्या मनात आलं.

"बंद करा," सखाबाई म्हणाली.

"दोघांपैकी एक बंद केलं तरी थांबते."

"मंग आपल्याचं करा. परसरामची माय गोदावरीबाई अजून जिती हाय. तिच्या घरचं तिले इचारल्याशिवाय नका करू."

घड्याळात चार वीस. लिलाधरचे हात कळफलकावर थांबले. उत्तराला उत्तर द्यायचं नाही, एवढी एक ओळ प्रोग्राममध्ये घातली असती तरी काम भागलं असतं. त्या दोघांचं बोलणं थांबलं असतं, आणि सखाबाईने लिहिल्यावर तिला मोतीलालचं उत्तरही येत राहिलं असतं, ती मरेपर्यंत. ती ओळ त्याला पाठ होती. त्याने वहिनीकडे पाहिलं. हे तिला सांगितलं नाही. त्याने मोतीलालचं उत्तर बंद केलं आणि दोघांच्या फुगलेल्या पेट्या बाजूला काढून ठेवल्या.

पडद्यावर परसरामकडून मोतीलालला, अशा आणखी काही ओळी आल्या. मग खाली काळं उरलं. सखाबाईच्या मांडीवरचा फोन दोनतीनदा वाजून गप्प झाला. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज कितीतरी दिवसांनी त्या खोलीत ऐकू आला.

मागे अडकलेले मेल एकेक सुटू लागले. चार अडतीसला धनराजचा अर्ज गेला. शेजारच्या खोलीतून त्यांची आरोळी आली, "गेला रे बाबा! लिलाधर, चहा सांग सगळ्याइले!"

लिलाधर उठला नाही. सखाबाईने स्वतःचा फोन काढला, सावकाश काहीतरी लिहिलं आणि पाठवलं. मोतीलालच्या पेटीत तो मेल आलेला लिलाधरला पडद्यावर दिसला. त्याने तो उघडला नाही. दोघंही थांबून राहिली. एक मिनिट गेलं, मग पाच. उत्तर गेलं नाही.

सखाबाईने पदर नीट केला आणि उठली. जिन्याशी जाऊन थांबली. वळली नाही.

"भाऊजी, उद्या गावाले या. न्हाव्याले सांगून ठेवतो मी."

तिची पावलं जिना उतरून गेली. लिलाधरचा हात आपोआप डोक्यावरच्या केसांवर गेला आणि तिथेच राहिला.