पोपोंच्या गल्लीतलं पौर्णिमेचं जेवण

ज्यांच्याशी माझं कधी एक धड वाक्य बोलणं झालं नाही, त्या पोपो आज पहाटे गेल्या.

पोपो म्हणजे माझ्या जावयाची, केव्हिनची आजी. आईची आई. त्यांच्यात आईच्या आईला पोपोच म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये जन्मल्या, तिथेच गेल्या; बोलल्या मात्र जन्मभर चिनीतच.

आमची पहिली भेट झाली तेव्हा केव्हिन जावई नव्हता. ऋचा एवढंच म्हणाली होती, "आई, एकदा त्याच्या घरच्यांना भेट. मग नाही म्हण."

मी नाही म्हणायलाच निघाले होते.

मुलगा गुणी, ते दिसत होतं. पण ज्या घरी माझ्या घशाखाली पाणी उतरणार नाही, तिथे एकुलती एक लेक कशी द्यायची?

चातुर्मास. त्यातून पौर्णिमा. पर्समध्ये दशम्या-चटणीचा डबा. पार्किंगला कोण एवढे पैसे घालणार, म्हणून फ्रीमाँटच्या आमच्या घरून तिघं ट्रेननेच गेलो.

घ्यायला आलेल्या केव्हिन आणि पोपोंबरोबर चढ चढून वर आलो तर टेकडीवरून धुकं उतरत होतं. लाल कंदील त्यात अर्धे विरघळलेले. कुठल्याशा वरच्या खिडकीत सोंगट्या खळखळत होत्या. चहाचा, सुकवलेल्या अळंब्यांचा, धुपाचा वास.

झोपेत चालल्यासारखी मी चालत होते.

आणि एका काचेत भाजलेली बदकं टांगलेली! मी ओढणी नाकाला लावली.

ऋचाचे बाबा पुटपुटले, "अगं, निदान त्यांच्यासमोर तरी!"

पोपोंनी पाहिलं होतं. माझा हात धरला आणि गल्लीत वळल्या. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, पण पकड अशी की सोडवायची सोय नाही.

अरुंद जिना. सगळ्यात वरच्या मजल्यावर देऊळ. देवीपुढे संत्र्यांचे ढीग, छतभर कंदील, आणि उदबत्त्यांचा धूर इतका की देवीचा फक्त चेहरा दिसावा.

माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारी त्यांचेही.

केव्हिन हळू आवाजात सांगत होता. १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत ही अख्खी वस्ती जळाली. शहरातल्या बड्या लोकांना यांना इथून हलवायचं होतं. पोपोंचे आजोबा आणि बाकीचे हलले नाहीत. त्याच राखेवर परत विटा रचल्या.

मग पोपोंच्या घरी जेवायला बसलो; केव्हिनची आईही होती. मी डबा काढला.

"आई, प्लीज! नॉट हिअर."

केव्हिनने पोपोंना काहीतरी सांगितलं. त्यांचं उत्तर ऐकून तो हसायलाच लागला.

"आंटी, आज पोपो पण नो मीट! न्यू मून, फुल मून, ऑल्वेज. नो ओनियन, नो गार्लिक आयदर."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

टेबलावर टोफू, अळंब्या, कमळाच्या देठाच्या चकत्या. सगळं बिनकांद्याचं. पोपोंनी माझ्या डब्यातली दशमी उचलली, चटणीला लावून खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं. हात परत पुढे.

मीही जेवले. टेबलाला खरकटं लागू नये म्हणून जेवायच्या त्या दोन काड्या भातात उभ्या खोचून ठेवल्या.

केव्हिनच्या आईचा चेहरा पांढराफटक! त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या भातात तशा काड्या खोचतात.

पोपोंनी त्या काढून आडव्या ठेवल्या आणि काहीतरी बोलल्या. केव्हिन हसू दाबत म्हणाला, "पोपो सेज, इथे सगळ्यात म्हातारी मी. मला घाई नाही, तुम्हाला का?"

नाही म्हणायचं राहूनच गेलं.

लग्नानंतर आम्ही दोघी कितीदा त्या चढावरून हिंडलो. मी मराठीत बोलायचे, त्या त्यांच्या भाषेत. जुडी उलटीपालटी करून बघायची खोड दोघींना. भाजीवालीला आमचा कंटाळा यायचा.

आज ऋचाचा फोन आला. ती नुसती रडत होती. फोन ठेवून मी हॉलमध्येच बसून राहिले.

हे म्हणाले, "अगं, देवाचा दिवा?"

"तुम्ही लावा."

"शास्त्राप्रमाणे विहीणबाईंच्या आईचं सुतक आपल्याला नसतं."

"तुम्हाला नसेल. मला आहे."

यांनी दिव्यापाशी जाऊन काडी ओढली.

पोपो, सुखाने जा. तुमच्या ऋचाच्या आईचा नमस्कार.