उभ्यानं पुसलेली लादी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला उकिडवं बसायला मनाई झाली. मांडी घालायची नाही, पाटावर बसायचं नाही, जिने कमी. सगळं तिनं मान डोलावून ऐकलं. मग डॉक्टरांना विचारलं, "आणि लादी कशी पुसायची?" डॉक्टरांना ती थट्टा वाटली. "आता मुलांना पुसू दे," ते म्हणाले. आई हसली नाही.

आई लालबागला चाळीत एकटी राहते. पहिला मजला, एक खोली, तिच्यातच ओटा आणि मोरी, वर पोटमाळा. वडील गेल्यावरही तिनं खोली सोडली नाही. मी दादरला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे माझ्याकडे येण्याचा प्रश्न नव्हता. ताई, माझी मोठी बहीण, डोंबिवलीला असते. आईनं आता कायमचं आपल्याकडे यावं, असं तिचं म्हणणं होतं. आईचं म्हणणं एका शब्दाचं होतं: नाही.

ऑपरेशननंतरचे दिवस ताईनं रजा काढून लालबागला काढले आणि निघताना अट घातली. "तुझं घर तुझ्या हातानं ठेवता आलं तर राहा. नाही आलं तर शाळा सुरू व्हायच्या आत न्यायला येते. मग रडायचं नाही."

"मी कधी रडले?" आई म्हणाली. अट मात्र तिनं मान्य केली.

घर ठेवणं म्हणजे काय, हे कोणी कोणाला विचारलं नाही. स्वयंपाक ओट्याशी उभ्यानं होतो. कपडे मशीनमध्ये धुतले जातात. केर लांब दांड्याच्या झाडूनं निघतो. राहिली लादी.

एका खोलीच्या घरात लादी नुसती पायाखाली नसते. आम्ही तिच्यावर जेवलो, तिच्यावरच गाद्या घालून झोपलो. तांदूळ तिच्यावर निवडले गेले, गावाहून आलेल्या पाहुण्यांच्या पंगती तिच्यावर बसल्या. आई रोज सकाळी आंघोळीआधी ती पुसायची. बादलीत फिनेल, चिमूटभर मीठ, जुन्या बनियनचं फडकं. भिंतीपासून सुरुवात आणि मागे मागे सरकत दारापर्यंत. शेवटी गॅलरीत उभी राहून ती आत नजर टाकायची. लादी वाळायच्या आत कोणी पाय टाकला तर त्याची धडगत नसे. पाहुणा असला तरी.

पुसायला बाई ठेवून बघितली. ती आठवडाभरही टिकली नाही. "नुसत्या रेघा मारते," असं आईचं मत पडलं. बाईनं आपलं मत जाता जाता शेजारच्या मालवणी काकींना ऐकवलं: "आजी खुर्चीत बसून परीक्षा घेतात." दोन्ही मतं खरी होती. मग पिळायच्या बादलीचा मॉप आणला. पण भरलेली बादली उचलायची म्हणजे वाकणं आलंच, आणि मॉप कितीही पिळला तरी लादीवर पाणी राहायचं. ओल्या लादीवर पाय घसरला तर ऑपरेशन फुकट जाईल, असं डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं.

म्हणून आम्ही यंत्रांकडे वळलो. ती वायरीशिवाय चालणारीच हवी होती, कारण वायरही पायात येते.

पहिलं यंत्र मी माझ्या घरून नेलं. दांडीचा व्हॅक्युम, सुका कचरा ओढणारा. आईला तो आवडला. पारदर्शक डबीत जमलेली धूळ ती काकींना बोलावून दाखवायची. "बघा, झाडूनं काढल्यावरसुद्धा एवढी." पण त्यानं पुसणं होत नव्हतं, आणि प्रश्न पुसण्याचाच होता. हे मला आणण्याआधी कळायला हवं होतं. आईनं ते पहिल्याच दिवशी सांगितलं, तरी यंत्र परत पाठवलं नाही.

दिवस उन्हाळ्याचे, वर्षाच्या मसाल्याचे. आई आणि काकी गॅलरीत वर्तमानपत्रांवर मिरच्या वाळवत होत्या आणि देठं मोडत होत्या. आई खुर्चीत, काकी खाली. मिरचीचं बी आणि भुगा पायांबरोबर खोलीत आला होता. मी सकाळी पोचलो तेव्हा आई व्हॅक्युम घेऊन उभी होती. तिनं बटण दाबलं. डबीत मिरची लाल फिरताना दिसली आणि दुसऱ्याच क्षणी यंत्राच्या मागच्या जाळीतून ती खोलीभर पसरली.

आदल्या संध्याकाळी आईनं यंत्र उघडून आतला फिल्टर काढला होता. घरातली कुठलीही वस्तू ती जशी स्वच्छ करते तसाच तो साबणानं धुतला आणि चिमटा लावून गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला. तो अजून तिथंच होता, एका टॉवेलशेजारी. फिल्टर नसतानाही यंत्र चालू झालं, म्हणजे त्याची गरज नसावी, असा तिचा हिशेब.

गॅलरीत एकेक दार उघडलं. अख्खा मजला शिंकत होता. जिन्यानं वर येणारा कुरियरवाला अर्ध्यावरूनच परत फिरला. काकी पदर नाकाला लावून दारात आल्या. "वयनी, मशीन हाडलंस काय बॉम्ब?"

तेवढ्यात ताईचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. "काय चाललंय तिथं? कोण खोकतंय?"

"काही नाही गो," आईनं सांगायला सुरुवात केली आणि तिला सलग शिंका आल्या. "लादी... लादी साफ करतेय."

मग ताई म्हणाली, "रविवारी येते. स्वतःच्या डोळ्यांनी बघते." तिचा आवाज रागाचा नव्हता. आईला तो रागाचा असता तर बरं वाटलं असतं.

रविवार जवळ होता. दादरच्या एका दुकानानं घरी वापरून बघायला ओलं-सुकं दोन्ही करणारं यंत्र दिलं. ते दाखवायला दुकानातली एक बाई आली. तिनं चपला बाहेर काढल्या, त्यामुळे आईनं तिचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"आजी, याला दोन टाक्या. ही चांगल्या पाण्याची, ही घाण पाण्याची. रोलर लादी धुतो आणि घाण पाणी लगेच वर ओढून घेतो."

"फिनेल कुठे टाकायचं?"

"फिनेल नाय टाकायचं. मशीन खराब होतं."

"फिनेलशिवाय लादी ओली होते, पुसली जात नाही."

"आजी, एकदा करून तर बघा."

आईनं करून बघितलं. काम खरंच चोख होतं. लादी जवळजवळ कोरडी राहिली. ओट्याखालची शहाबादी फरशी, जिच्या सांध्यांत वर्षानुवर्षं काळं बसलं होतं, तिथंही फरक दिसला. घाण पाण्याची टाकी मोरीत ओतताना आई त्या पाण्याकडे बघत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी हेच पाणी बादलीतून परत लादीवर फिरवत होते," ती म्हणाली. त्यात खेद नव्हता. बरीच मोठी बातमी उशिरा कळावी, तसा तिचा स्वर होता.

पण यंत्र जड होतं आणि स्वतःहून पुढे सरकत होतं. जोर लावावा लागत नाही, हा त्याचा गुण म्हणून सांगितला गेला होता. धडधाकट माणसाला तो गुणच आहे. आईला ते खेचत होतं. कॉटजवळ वळताना तिचं पाऊल मागे राहिलं आणि यंत्र पुढे गेलं. तिनं दांडा सोडला आणि कॉटची लोखंडी पट्टी धरली. यंत्र भिंतीला लागून थांबलं.

आई पट्टी धरून थोडा वेळ उभी राहिली, मग खुर्चीत बसली आणि गुडघ्यावर हात ठेवला. "हे मला चालवतंय," ती शेवटी म्हणाली. "घेऊन जा रे."

त्या दुपारी मला वाटलं, संपलं. आईलाही वाटलं असावं. तिनं काकींना सांगितलं, "मसाला यंदा तुमच्याच डब्यात ठेवा. माझा कुठे असेल, ठाऊक नाही." काकींनी मिरच्यांवर दुसरं वर्तमानपत्र पसरलं.

तिसरं यंत्र फणसवाडीतून आलं. कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या घरी ते असल्याचं बोलताबोलता कळलं आणि मी ते चार दिवसांसाठी मागून आणलं. दिसायला साधं. दांड्याच्या तळाशी दोन गोल चकत्या, त्यांवर कापडाची गादी. बटण दाबलं की चकत्या फिरतात. ते कचरा ओढत नाही आणि पाणीही परत घेत नाही. कापडाच्या गाद्या ओट्यावरच्या सिंकमध्ये उभ्यानंच भिजवायच्या, हातानं घट्ट पिळायच्या आणि चिकटवायच्या, म्हणजे लादीवर पाणी साचत नाही. बादली नाही. दांडा आडवा केला की ते कॉटखाली भिंतीपर्यंत जातं. वजनाला हलकं. चार्जिंगची वायर ओट्यावरच्या मिक्सरच्या प्लगपर्यंत पोचते, हेही महत्त्वाचं, कारण जड यंत्राचा स्टँड जमिनीवर ठेवायला खोलीत ना जागा होती, ना खाली प्लग.

उणिवा होत्याच. आधी केर नीट काढावा लागतो, नाहीतर केस चकत्यांना गुंडाळले जातात. गोल चकत्या चौकोनी कोपऱ्यात शिरत नाहीत. शहाबादीचे सांधे दुसऱ्या यंत्राइतके निघत नाहीत. आणि हातात घट्ट धरलं नाही तर ते एका बाजूला पळतं. पहिल्यांदा ते मोरीकडे निघालं तेव्हा काकी टाळ्या वाजवून हसल्या. "ह्या तर नाचता गो!"

"नाचू दे," आई म्हणाली. "ओढत तर नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं ते काबूत आणलं. मागे सरकत पुसण्याची सवय तिनं सोडली आणि एका बाजूला सरकत पुसू लागली, म्हणजे गुडघा वळवावा लागत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कोपऱ्यांसाठी झाडूच्या उलट्या टोकाला फडकं गुंडाळलं. फिनेल बंद केलं. मिठाचा विषय मी काढला नाही, तिनंही काढला नाही. गाद्या धुऊन ती दोरीवर वाळत घालायची. या वेळी त्या खरोखरच वाळत घालायच्या होत्या.

रविवारी ताई सकाळीच आली. आई म्हणाली, "बस खुर्चीवर." ताई बसली नाही. दारातच उभी राहिली, पर्स खांद्याला तशीच.

आईनं केर काढला. सिंकशी उभी राहून गाद्या भिजवल्या, पिळल्या, लावल्या. मग बटण दाबलं आणि भिंतीपासून सुरुवात केली. ताई लादीकडे बघत नव्हती. ती आईच्या गुडघ्याकडे बघत होती.

अर्ध्या खोलीत आई थांबली. यंत्र बंद केलं आणि कॉटचा आधार घेतला. ताईचा एक पाय उंबऱ्याच्या आत आला.

"मागे हो. ओली आहे."

ताईनं पाय मागे घेतला. मी तिच्या शेजारी होतो. तिनं माझा दंड धरला होता, हे तिच्या लक्षात नसावं.

"दमलीस का?" तिनं विचारलं.

"दमले. म्हणून थांबले. तू काय करतेस दमल्यावर?"

आईनं पुन्हा यंत्र सुरू केलं आणि दारापर्यंत आली. पंखा लावला. आम्ही तिघं गॅलरीत लादी वाळण्याची वाट बघत उभे राहिलो. मग ताई अनवाणी आत गेली, सगळीकडे फिरली, तळवा उचलून बघितला. वाकून कॉटमागच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. "इथे राहिलंय."

"तिथं तूही कधी पुसलं नाहीस," आई म्हणाली. "लग्न होईपर्यंत."

ताईला हसू आलं आणि ते तिनं दाबलं. "लादीचं सोड. रात्री तुला काही झालं तर?"

भिंतीपलीकडून उत्तर आलं. "मी आसंय मा हयसर!"

"काकी, तुम्हीही आता सत्तरीच्या."

"म्हणानच रातभर जागी असतंय!"

या वेळी ताई मोकळेपणी हसली. पर्स तिनं खुंटीला लावली. आईनं ओट्याशी उभ्यानं भाकऱ्या केल्या आणि ताटं वाढली. आईचं ताट स्टुलावर. ती आता खाली बसत नाही. ताई मात्र आल्या आल्या नाकारलेल्या खुर्चीकडे न बघता लादीवर मांडी घालून बसली, पाट न घेता. जेवताना तिनं अटीबद्दल काही काढलं नाही. आईनंही नाही. हे यंत्र परत द्यायचं आहे, तसंच नवं घ्यायचं, एवढंच माझ्याकडे बघून दोघींनी ठरवलं. दर रविवारी आपण येऊन कोपरे आणि शहाबादी पुसू, असं ताईनं जाहीर केलं. आई म्हणाली, येत जा, पण उगाच ओरडायला नको.

हात धुऊन ताईनं डोंबिवलीला फोन लावला. तिथं आईसाठी खिडकीजवळची जागा मोकळी केली होती, मुलाचं अभ्यासाचं टेबल आतल्या खोलीत सरकवलं होतं.

"टेबल परत जागेवर ठेवा," ती म्हणाली. "आजी येत नाहीये."

"रागानं सांगू नको गो," सिंकमध्ये ताट विसळत आई म्हणाली. "पोरांना वाटेल भांडलो आपण."

"रागानं नाही सांगत," ताई म्हणाली, आणि फोनमध्ये तेच वाक्य पुन्हा, हसत सांगितलं.