पेजीले भात नाई म्हणत

ब्रह्मपुरीला कॉलेजात असताना आम्ही तिघी मुली एक खोली करून राहत होतो. तांदूळ आपापल्या घरून आणायचा आणि स्टोव्हवर शिजवायचा. आमच्या घरचा तांदूळ ढेकीवर कांडून सडलेला, लालसर, जाडाभरडा. पहिल्याच आठवड्यात एकीनं माझ्या ताटात डोकावून विचारलं, "हा भात हाय का कोंबड्याईचं खाणं?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि शनिवारी गावी जाऊन सगळा राग मायवर काढला.

"मले असला तांदूळ देऊ नोको. लाज वाटते मले."

मायनं तांदळाची पिशवी उचलून आत ठेवली. ढेकीचं काम पायाचं असतं. लाकडी दांडा पायानं दाबायचा, सोडला की पलीकडचं मुसळ उखळात आपटतं. माय उजव्या पायानं दाबायची. पुढच्या खेपेला तिनं धानाचं पोतं मिलवर नेलं आणि दोनदा पॉलिश करून आणलं. तांदूळ असा पांढराशुभ्र की मी हरखले. घरात दोन तऱ्हेचे तांदूळ कशाला, म्हणून तीही तोच खाऊ लागली. कोंडा शेजारच्या म्हशीला गेला आणि ढेकी शेळ्यांच्या कोठ्यात पडली.

पुढे मला चंद्रपूरला नोकरी लागली. काही वर्षांनी मायला शुगर निघाली. डॉक्टर बाहेरगावचे, माणूस भला. म्हणाले, "मावशी, भात बंद करा. खायचाच झाला तर हातसडीचा, तोही थोडा." मायनं मान डोलावली. हातसडीचं मी विसरले, असं नंतर सगळ्यांना सांगत राहिले. विसरले नव्हते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण ढेकी कोणामुळे बंद झाली ते मला चांगलं माहीत होतं.

मग रोज फोनवर मी तिची हजेरी घेऊ लागले. "भात खाल्ला का?"

"नाई वं बाई, हातई नाई लावला."

मी शाबासकी द्यायचे. पण दोन महिन्यांनी शुगर तपासली तर आणखीच वाढलेली. माझं डोकंच फिरलं. "खोटं बोलतेस तू माय," म्हणून मी फोन आपटला.

धान रोवण्याच्या दिवसांत गावी गेले तेव्हा उलगडा झाला. सकाळी वाटीभर पेज, दुपारी तांदळाची भाकर, संध्याकाळी पदरात मुरमुरे. मी ओरडले, "हे काय आहे?"

ती गोंधळून माझ्याकडे बघू लागली. "पेजीले का भात म्हणते का कोणी? अन् मुरमुऱ्यात का हाय? हवाच तं हाय." मग तिला रडूच आलं. "दोन महिने उपाशी राहून राह्यली मी, अन् तू मले खोटी म्हणते."

आमच्याकडे भात म्हणजे ताटात वरणाखाली वाढतात तोच. तो पोटात गेला नाही तर माणूस जेवलं असं कोणी म्हणत नाही. ती खरंच स्वतःला उपाशी समजत होती. आणि मी एवढी शिकलेली, पण "मग खातेस तरी काय?" एवढं साधं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच खेपेला तिच्या उजव्या पायाची बोटं ओली, पांढरी पडलेली दिसली. चिखलात रोवणं करणाऱ्या सगळ्याच बायांच्या पायांना चिखल्या होतात. हळद-तेल लावलं की जातात. दुखत नाही म्हणाली, तर मला उलट बरंच वाटलं. शुगरनं तिच्या पायाची जाणीवच गेली होती, हे दोघींनाही कळलं नाही. चिखल्या चिघळत गेल्या. आधी एक बोट गेलं. मग दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढला.

डॉक्टर समजावत होते की हे एका तांदळामुळे होत नाही, वय असतं, घराण्यात असतं. बरोबरच असेल त्यांचं. माझा जीव काही त्यानं शांत होत नाही.

गेल्या महिन्यात मी शेळ्यांच्या कोठ्यातून ढेकी ओढून काढली, धुतली, आणि अंगणात धान सडायला उभी राहिले. माय खाटेवर बसून माझा पाय बघत होती. "पुरा दाब. अशी भिऊन भिऊन नाई." तासाभरात माझी पोटरी भरून आली. तांदूळ निघाला दोन वाट्या, अर्धा तुटलेला.

डॉक्टरांना विचारून मी छोटी वाटीभर भात वरण घालून तिच्या हातात दिला. कितीतरी दिवसांनी ती जेवत होती. सावकाश चावून चावून खाल्ला तिनं. "गोड हाय," म्हणाली.

मग वाटीतल्या लालसर शितांकडे बघत राहिली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"तुले काऊन आवडत नोता वं हा?"