मास्तरांचं तपकिरी बोट

कादंबरीवाले मास्तर जिभेवर बोट ओलं केल्याशिवाय पान उलटत नसत. तोंडात तंबाखूचा बार कायमचा. त्यामुळे तपासून आलेल्या आमच्या वह्यांच्या पानोपानी कोपऱ्यावर तपकिरी डाग असे आणि वही उघडली की भपकारा येई. मी ती दोन बोटांत धरून घरी नेत असे आणि आधी उन्हात टाकत असे. मास्तरांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे लिहितानासुद्धा मला किळस येते.

देवरीकडच्या जंगलात मास्तरकी करता करता त्यांनी पहिली कादंबरी लिहिली. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास ती नागपुरात छापली गेली आणि आमच्या धानाच्या मुलखातली माणसंही पुस्तकात येऊ शकतात, हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. पुढे त्यांची बदली गोरेगावला झाली. गोंदियात सत्कार झाला तेव्हा अंगावर घातलेल्या शालीच्या टोकानंच त्यांनी सगळ्यांदेखत तोंड पुसलं. पहिल्या रांगेतले एक शेठजी "छी छी, मास्टरजी" म्हणत तोंड फिरवून बसले. मला मात्र त्या दिवशीही मास्तरांचा अभिमानच वाटला होता.

दर रविवारी शाळेच्या वर्गात ते आम्हा पाच-सहा तरुण शिक्षकांना लिहायला शिकवत. मी दरेकशाच्या शाळेवर होतो. सकाळच्या गाडीनं गोंदिया आणि तिथून मोटारीनं गोरेगाव गाठायचो. "बाजारात जा. पिशवी घरी ठेवा, कान घेऊन जा," असं ते सांगत. दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "ती रडली म्हणून लिहू नका रे बाबू. रडून झाल्यावर तिनं काय केलं ते लिहा." एवढं बोलून ते खिडकीतून पिंक टाकत. त्या खिडकीखालून मुलं नाक धरून पळत. पण असं शिकवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही, हे कबूल केलंच पाहिजे.

त्यांच्या सांगण्यावरून मी माझ्या थोरल्या बहिणीवर लिहिलं. आम्ही तिला बाई म्हणत असू. ऐन विशीत विधवा होऊन ती माहेरी परतली होती. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती बांधीत, म्हणजे पाणी साठवलेल्या शेतात, वाकली की खालच्या पाण्यात तिला आपला चेहरा दिसे. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून ती चिखलाचं बोट कपाळाला लावी, कुंकवाच्या जागी. क्षणभर पाण्यात बघे आणि उठायच्या आत धुऊन टाकी. हे मी एकदा शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, पाहिलं होतं. मी पाहिल्याचं तिला माहीत नव्हतं. वही परत आली तेव्हा त्या पानाच्या एका नव्हे, चारही कोपऱ्यांवर डाग होते. मास्तर एवढंच म्हणाले, "हे जमलं."

दोन वर्षांनी त्यांची नवी कादंबरी आली. माझ्या गुरूचं पुस्तक म्हणून मीच हौसेनं गावात वाचन ठेवलं. शाळेच्या ओसरीवर सारं गाव जमलं. बायकांमध्ये बाईही बसली होती. सातव्या प्रकरणाशी आलो. बांधी, पाणी, चिखलाचं बोट. वाक्यं माझीच, नाव तेवढं बदललेलं. मी थांबलो आणि नकळत बाईकडे पाहिलं. माझ्यामागोमाग सगळ्या गावानं तिच्याकडे पाहिलं. मी तसाच पुढे वाचत गेलो असतो तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

"मास्तर का आपल्या बांधीवर आला होता?" घरी आल्यावर बाईनं विचारलं. "तुनंच सांगतलं ना रे?"

त्यानंतर बायका तिला बघून कपाळाला बोट लावायच्या आणि हसायच्या. बाईनं रोवणीला जाणं सोडलं ते कायमचं. ती जंगलात मोहफुलं वेचायला जाऊ लागली, तेसुद्धा एकटीच.

मी तणतणत गोरेगावला गेलो. मास्तर जेवत होते. मी त्यांना तोंडावर चोर म्हणालो.

"काऊन ओरडून राहिला?" ते घास न थांबवता म्हणाले. "तुझ्या वहीत ते सडलं असतं. लाज वाटते तर लिहू नको, पानठेला टाक." आणि त्यांनी भरपेट ढेकर दिली. त्या ढेकरेची मला अशी शिसारी आली की त्यांच्या बायकोनं, मास्तरीणबाईनं, पुढे केलेलं पाणीही न घेता मी उठलो. माझा रविवारचा वर्ग सुटला.

चार वर्षांनी ते अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. जावंसं वाटत नव्हतं, तरी गेलो. पोट टम्म फुगलं होतं, खोलीत घाण वास कोंडला होता. मी नाकाला रुमाल लावून उभा राहिलो. मला ओळखून त्यांनी बोट जिभेकडे नेलं आणि विचारलं, "वही आणली?" मी नाही म्हणालो. दुपारी ते गेले.

शेजारीपाजारी जमायच्या आत मास्तरीणबाई मला म्हणाली, "तीस वर्षं यांच्यासमोर रडली नाही मी, भाऊ. पुस्तकात घालतील म्हणून." मग ती रडली. रडून झाल्यावर तिनं चुलीतली राख आणली आणि मास्तरांचं ते बोट घासायला बसली. डाग काही निघेना.

"हे कुठं लिहू नका, भाऊ," ती म्हणाली.

मी नाही लिहिणार म्हणालो. पण राख आणायला जाताना तिनं सत्काराच्या त्या शालीच्या टोकानं डोळे पुसले, ते मी तोवर बघून ठेवलं होतं.