रिकाम्या हाताचे प्रवासी

आर्वी तालुक्यातल्या त्या बसची चौकशी मी अजून विसरलेलो नाही. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी फौजदार होतो, नवा आणि स्वतःच्या हुशारीवर खूश. आर्वीहून रोहण्यापर्यंत येणारी बस पुढच्या एका आडगावापर्यंत न्यायचं घाटत होतं. महिनाभर गाडी चालवून बघायची आणि प्रवासी मिळाले तरच मार्गाला कायमची मंजुरी व पैसा द्यायचा, अशी अट होती.

तिसऱ्या आठवड्यात ठाण्यात निनावी अर्ज आला. गावकरी खोटे प्रवासी बसवून सरकारला फसवतात, असा आरोप होता. हा अर्ज तिथल्या जीपवाल्याचा, असं आमचे जमादार म्हणाले. बस आल्यापासून त्याच्या जीपला गिऱ्हाईक नव्हतं. अर्ज आवक नोंदीत चढला आणि वरून शेरा आला, ‘गुन्हा घडतो का, ते कळवा.’

मी साध्या कपड्यांत दोन दिवस त्या बसने फिरलो. गाडी भरलेली, प्रत्येकाकडे तिकीट. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की कुणाच्याच हातात पिशवी नाही. तालुक्याला निघालेला माणूस निदान रिकामी पिशवी तरी घेतोच. ही मंडळी आर्वीला उतरायची, स्टँडवर चहा प्यायची आणि त्याच गाडीने परतायची.

शेजारी बसलेल्या म्हातारीला विचारलं, “आजी, काय काम काढलं आर्वीत?”

“काम कायचं? आज आमच्या घराचा नंबर होता,” ती म्हणाली. हे लपवायचं असतं, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. “माही नात सातवी पास झाली. गाडी राह्यली तं आर्वीच्या शाळेत जाईन.”

नंबर लावणारे गावचे गुरुजी निघाले. त्यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावलं.

“रातच्या जागलीले जसे नंबर लावतो, तसेच लावले साहेब. घरटी एक माणूस.”

“पण कशासाठी?”

“लोक दिसल्याबिगर गाडी देत नाई म्हनते. अन् गाडीच नाई तं लोक जाईन कायनं? तिकीट तं आमी घेऊनच राह्यलो.”

मी जबाबावर त्यांची सही घेतली.

तिकिटं खरी, फसवणूक नाही, सबब गुन्हा नाही. अहवाल एवढ्यात संपत होता. पण छडा लावल्याची ऐट मला दाखवायची होती. मी नंबर, रिकामे हात, स्टँडवरचा चहा, सगळं तीन पानं भरून लिहिलं. साहेबांनी शाबासकी दिली. प्रत मंजुरी देणाऱ्या कचेरीत गेली आणि महिना संपताच गाडी पुन्हा रोहण्याहूनच परत फिरू लागली.

पावसाळ्यात जमादार त्या गावाला जाऊन आले. म्हातारीची नात शेतात निंदणाला जाते, म्हणाले.

पुढे गुरुजी कसल्याशा दाखल्यासाठी ठाण्यात आले. रागावलेले दिसले नाहीत. निघताना म्हणाले, “रिपोर्टात खोटं काईच नाई साहेब. पन एवढं तुमाले विचारलं कोनं होतं?”

कुणीच नाही. मला एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर ‘नाही’ होतं. पुढे नोकरीत प्रत्येक अहवालावर सही करण्याआधी मी स्वतःला विचारत आलो, यातलं कामासाठी किती आणि माझ्या मोठेपणासाठी किती? त्या तीन पानांपायी एका मुलीची शाळा गेली, याची मला आजही लाज वाटते.