‘फायनल’ साताऱ्याला सुखरूप पोचली

हसणारच असाल तर आधी चहा संपवा, ठसका लागेल!

मी सांगलीत घरी बसून साताऱ्याच्या एका कारखान्यासाठी मशीनच्या पार्टांची ड्रॉइंग काढतो. त्यांचा सर्व्हर माझ्या स्क्रीनवर उघडतो, पण मी पडलो बाहेरचा माणूस. घरची फाईल त्यात सरळ ओढून टाकायला बंदी! वेगळं पान उघडायचं, मोबाइलवर आलेला कोड घालायचा, मग फाईल सोडायची. सोडलेली फाईल आपल्याला परत काढता येत नाही. हा बंदोबस्त कदम सुभेदारांचा. फौजेत सिग्नलला होते, आता कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळतात.

त्या दिवशी शाफ्टचं ड्रॉइंग तातडीनं हवं होतं. मशीन खोळंबलेलं, गिऱ्हाईक दारात. कोड घातला, ‘फायनल’ नावाची फाईल सोडली आणि फोन लावला.

“सुभेदार, मिळाली का?”

“मिळाली की. पण इम्रानभाई, वजन जरा जास्त वाटतंय.”

“मधनं पोकळ हाय ओ! काळजी नको.”

“पोकळ?” ते थबकले. “आन् वरच्या बाजूला लय विरळ दिसतंय.”

“वरनं गुळगुळीतच ठेवायचं ठरलं हुतं न्हवं? कुठं खोट दिसली तर सांगा, घासून काढतो!”

पलीकडं मग खोकला.

“आवं, हितं ‘स्वभाव मनमिळाऊ’ लिवलंय. शाफ्टचा व्हय? मला वाटलं, स्थळ बघायला सांगताय!”

मी गारच पडलो. आदल्या दिवशी आपानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, माझ्याच कॉम्प्युटरवर माझा लग्नाचा बायोडाटा केला होता, फोटोसकट. शेजारच्या फोल्डरमध्ये. नाव काय ठेवलं असेल? ‘फायनल’!

“सुभेदार, काढा ती! पाया पडतो!”

“काढतो. पण आल्या आल्या सगळ्या विभागांना आपोआप गेली हाय. आदी ड्रॉइंग धाडा गड्या, मशीन थांबलंय!”

या वेळी फाईल उघडून, शाफ्टच आहे ना बघून, मग सोडली. मशीन चालू झालं. मी मात्र बसून राहिलो. सुभेदारांनी चोराचा किती विचार केला होता! कोड घालून रीतसर आत येणाऱ्या वेंधळ्याचा कोण करणार? मग आपानं लिहिलेलं सगळं पहिल्यांदाच नीट वाचलं. माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी लिहू शकतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी त्या पहिल्या ‘फायनल’वर कारखान्याच्या तपासणी विभागाचा मेल आला. मुद्दाम की चुकून, अल्ला जाणे! “पार्ट नामंजूर. सुधारणा करून पुन्हा सादर करावा.”

मुलीकडच्यांनी आजवर निदान ‘कळवतो’ तरी म्हटलं होतं!